रॅम किती लागते, कधी वाढवायची, कोणती घ्यायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉम्प्युटर हँग व्हायला लागला की पहिला सल्ला मिळतो तो "रॅम वाढवून घे" हा. कधी तो अगदी बरोबर असतो, तर कधी नवी रॅम घालूनही मशीन तसेच रखडत राहते. खालचे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ज्यांना फक्त "वाढवू की नको" एवढेच ठरवायचे आहे त्यांनी आधी प्रश्न ५, ७ आणि ९ वाचावेत.

१. रॅम आणि स्टोरेज यांत फरक काय? दोन्ही जीबीतच मोजतात, म्हणून गोंधळ होतो.

स्वयंपाकघरातला ओटा आणि फडताळ आठवा. डबे फडताळात असतात, पण चिरणे, मळणे, फोडणी देणे हे सगळे ओट्यावर होते. रॅम हा ओटा आहे आणि एसएसडी किंवा हार्ड डिस्क हे फडताळ. ओटा लहान असला की एक डबा ठेवल्याशिवाय दुसरा काढता येत नाही, आणि सगळा वेळ त्या ये-जा करण्यातच जातो.

दुसरा फरक विजेचा. रॅममधला प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमध्ये विद्युतभार म्हणून साठवलेला असतो. तो भार आपोआप गळतो, म्हणून सर्वसाधारण रॅममध्ये सगळ्या ओळी दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भराव्या लागतात. वीज गेली की हे भरणे थांबते आणि मजकूर नाहीसा होतो. सेव्ह न केलेले पत्र लाइट गेल्यावर जाते ते यामुळेच.

२. माझ्या मशीनमध्ये किती आणि कोणती रॅम आहे, हे न उघडता कसे कळेल?

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स' आणि मग 'मेमरी' निवडा. वर एकूण जीबी दिसतात आणि खाली उजवीकडे कामाच्या चार ओळी असतात: स्पीड, स्लॉट्स यूज्ड, फॉर्म फॅक्टर आणि हार्डवेअर रिझर्व्ह्ड. 'स्लॉट्स यूज्ड'समोर '१ ऑफ २' असेल तर एक स्लॉट (रॅम बसवायची जागा) रिकामा असण्याची शक्यता चांगली आहे. 'फॉर्म फॅक्टर'समोर 'रो ऑफ चिप्स' असेल तर ती रॅम मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य पाटीला, सोल्डर करून कायमची जोडलेली आहे. त्याबद्दल अधिक प्रश्न ९ मध्ये आहे.

एखादी ओळ कधी चुकीचीही दिसते, कारण ही माहिती बायोस (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) पुरवतो. 'सीपीयू-झेड' या मोफत प्रोग्रामच्या 'एसपीडी' भागात प्रत्येक स्लॉटमधल्या रॅमचा प्रकार, कंपनी आणि पार्ट नंबर मिळतो. खरेदीआधी तो लिहून ठेवा. लिनक्सवर टर्मिनलमधील 'फ्री' ही आज्ञा वापरा आणि 'अव्हेलेबल' हा रकाना वाचा. 'फ्री'चा रकाना वाचून घाबरू नका, त्याचे कारण प्रश्न ४ मध्ये आहे.

३. ८ जीबी विकत घेतली, पण विंडोज ५.९ जीबी 'युजेबल' दाखवते. दुकानदाराने फसवले का?

बहुधा नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनमध्ये प्रोसेसरमधले ग्राफिक्स याच रॅममधला वाटा घेते. एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या लॅपटॉपांत हा वाटा कधी ५१२ एमबी, तर कधी थेट २ जीबी असतो. 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' म्हणून दिसतो तो हाच. काही बायोसमध्ये तो कमी करता येतो.

४ जीबीच्या जुन्या मशीनवर ३.२ किंवा ३.४ जीबीच दिसत असेल, तर 'सेटिंग्ज'मध्ये जाऊन विंडोज ३२-बिट आहे का पाहा. घरगुती ३२-बिट विंडोज ४ जीबीपलीकडचे पत्ते वापरत नाही, आणि त्यातलेही काही इतर उपकरणांसाठी राखलेले असतात. अशा मशीनमध्ये ८ जीबी घातली तरी आकडा हलणार नाही. आधी ६४-बिट विंडोज नव्याने टाकावे लागते.

४. काहीही उघडलेले नसताना रॅम ५० टक्के भरलेली दिसते. 'रॅम क्लीनर' वापरू का?

वापरू नका. मोकळी पडलेली रॅम कुणाच्याच उपयोगाची नसते, म्हणून विंडोज आणि लिनक्स दोन्ही नुकत्याच वाचलेल्या फाइल्स तिथे धरून ठेवतात. कुणी जागा मागितली की ती तत्काळ सोडून देतात. क्लीनर करतो काय, तर चालू प्रोग्रामांचा मजकूर रॅममधून जबरदस्तीने बाहेर ढकलतो. आकडा क्षणभर सुंदर दिसतो. मग तोच मजकूर डिस्कवरून पुन्हा वाचावा लागतो आणि मशीन आणखी रेंगाळते.

खरोखर जागा मोकळी करायची असेल तर टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' भागात जा आणि मशीनबरोबर आपोआप सुरू होणारी, रोज न लागणारी मंडळी बंद करा. ब्राउझरमध्ये न वापरलेले टॅब झोपवणारी 'मेमरी सेव्हर' सोय चालू करा. ८ जीबीच्या मशीनवर एवढ्यानेही फरक जाणवतो.

५. रॅमच कमी पडते आहे, हे नक्की कसे ओळखायचे?

मशीन सुरू केल्या केल्या मोजू नका. तुमच्या कामाची सगळ्यात गर्दीची वेळ पकडा: टॅली चालू आहे, दोन एक्सेल शीट उघडी आहेत, जीएसटी पोर्टलसह डझनभर टॅब आहेत आणि व्हॉट्सअॅप वेबही चालू आहे. अशा वेळी टास्क मॅनेजरचे मेमरीचे पान उघडून तीन आकडे वाचा.

पहिला 'इन यूज' आणि दुसरा 'अव्हेलेबल'. ८ जीबीच्या मशीनवर 'अव्हेलेबल' बराच वेळ ५०० एमबीच्या खाली राहत असेल तर तंगी आहे.

तिसरा 'कमिटेड'. हा आकडा सहसा कुणी वाचत नाही, पण निदान त्यातच असते. तिथे उदाहरणार्थ ११.२/१४.५ असे दिसेल. डावीकडचा आकडा म्हणजे सगळ्या प्रोग्रामांना मिळून देऊ केलेली मेमरी, उजवीकडचा म्हणजे रॅम आणि डिस्कवरची पेजफाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवर वापरते ती जागा) यांची बेरीज. ८ जीबीच्या मशीनवर डावा आकडा सतत ११-१२ असेल आणि 'अव्हेलेबल'ही तळाला असेल, तर उरलेला भार डिस्कवर चालला आहे. मागितलेली सगळी मेमरी प्रोग्राम वापरतातच असे नाही, म्हणून हे दोन आकडे एकत्रच वाचावेत.

खात्री करण्यासाठी 'रिसोर्स मॉनिटर' उघडा आणि त्याच्या मेमरी भागात 'हार्ड फॉल्ट्स' पाहा. हवा असलेला मजकूर रॅममध्ये न सापडल्यामुळे डिस्ककडे धाव घ्यावी लागली, की एक हार्ड फॉल्ट मोजला जातो. नवा प्रोग्राम उघडताना हा आलेख उसळतो, ते स्वाभाविक आहे. पण नुसते एका टॅबवरून दुसऱ्यावर जातानाही तो प्रत्येक वेळी शेकड्यांत जात असेल, तर रॅम वाढवा.

याउलट, मेमरी ५० टक्के आणि सीपीयू १०० टक्के असेल, तर दोष प्रोसेसरवरच्या भारात आहे. मेमरी ५० टक्के आणि डिस्क १०० टक्के असेल, तर प्रश्न ७ वाचा. दोन्ही वेळा नवी रॅम काहीच बदलणार नाही.

६. कोणत्या कामाला किती रॅम पुरते?

४ जीबी ही विंडोज ११ची अधिकृत किमान गरज आहे, पण तेवढ्यावर एका वेळी एकच काम धडपणे होते. टायपिंग, टॅली, ऑनलाइन फॉर्म, मुलांचा अभ्यास, व्हिडिओ कॉल यांना ८ जीबी चालते. नवे मशीन घेत असाल तर १६ घ्या, विशेषतः रॅम नंतर वाढवता येणार नसेल तर. इंजिनीअरिंगचे विद्यार्थी, फोटोशॉपवर काम करणारे आणि आजचे गेम खेळणारे यांच्यासाठी १६ ही सुरुवात आहे. अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसह चालवणे, व्हर्च्युअल मशीन, ४के व्हिडिओ एडिटिंग यांना ३२ जीबी लागते.

घरच्या मशीनवर एआय मॉडेल चालवायचे असेल तर हिशेब सरळ गुणाकाराचा आहे. ७०० कोटी पॅरामीटरचे मॉडेल १६-बिट स्वरूपात सुमारे १४ जीबी जागा घेते आणि ४-बिटमध्ये आटवले तर साधारण साडेतीन जीबी. त्यावर संभाषणासाठी आणि विंडोजसाठी लागणारी जागा वेगळी धरा.

७. पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत. आधी रॅम की आधी एसएसडी?

८ जीबी रॅम आणि फिरणारी हार्ड डिस्क असेल तर डोळे मिटून आधी एसएसडी. ४ जीबी आणि एसएसडी असेल तर रॅम. ४ जीबी आणि हार्ड डिस्क अशी जोडी असेल तर खरे म्हणजे दोन्ही लागतात. तरीही एकच निवडायचे तर एसएसडी, कारण रॅम कमी पडल्यावर जो भार डिस्कवर जातो तोही तिथे बराच लवकर उरकतो.

कारण वेगांतल्या दरीत आहे. रॅममधून मजकूर मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, साध्या एसएसडीतून १०० मायक्रोसेकंद आणि हार्ड डिस्कवरून १० मिलिसेकंद. रॅमला एक सेकंद लागतो असे धरले, तर एसएसडीला जवळपास १७ मिनिटे लागतील आणि हार्ड डिस्कला सत्तावीस तासांहून अधिक. रॅम भरलेल्या आणि हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर माउससुद्धा अडखळतो तो याच हिशेबामुळे.

८. फ्लेक्सच्या डिझाइनला फोटोशॉप अडकते. ३२ जीबी घालू का?

त्याआधी फाइलचे रिझोल्युशन बघा. १० × ८ फुटांचा फ्लेक्स म्हणजे १२० × ९६ इंच. तो ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके) उघडला तर ३६,००० × २८,८०० पिक्सेल होतात. छपाईच्या चार रंगांच्या सीएमवायकेमध्ये प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात, म्हणजे एकच पूर्ण लेयर सुमारे ४.१५ जीबी! पाच-सहा लेयर झाले की ३२ जीबीही अपुरी. तोच फ्लेक्स ७२ डीपीआयवर ८,६४० × ६,९१२ पिक्सेल होतो आणि एक लेयर २३९ एमबीत बसतो. वीस-तीस फुटांवरून बघायच्या फ्लेक्सला ७२ पुरते. छापणाऱ्याला विचारून घ्या. पत्रिका किंवा व्हिजिटिंग कार्डाला मात्र ३०० हवेतच.

'स्क्रॅच डिस्क फुल' असा संदेश येत असेल तर तो रॅमचा नाही, सी ड्राइव्ह भरल्याचा आहे. रिझोल्युशन योग्य असूनही प्रश्न ५ मधली लक्षणे दिसत असतील, तर १६ किंवा ३२ जीबी घालणे सार्थकी लागेल.

९. माझ्या लॅपटॉपमध्ये रॅम वाढवता येईल का?

तीन प्रकार आढळतात. काहींत दोन स्लॉट असतात; तिथे चिंता नाही. काहींत ४ किंवा ८ जीबी सोल्डर केलेली असते आणि शिवाय एक स्लॉट असतो; तिथे फक्त स्लॉटपुरती वाढ होते. बऱ्याच पातळ लॅपटॉपांत सगळीच रॅम सोल्डर असते. मशीनच्या माहितीपत्रकात रॅमच्या नावाआधी 'एलपी' असेल, म्हणजे 'एलपीडीडीआर४एक्स' किंवा 'एलपीडीडीआर५', तर ती जवळजवळ नेहमी सोल्डरच असते. अशा मशीनला खरेदीच्या दिवशी घेतली तेवढीच रॅम आयुष्यभर.

निश्चित उत्तर कंपनीच्या संकेतस्थळावरच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळते. लॅपटॉपच्या तळावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक टाकून शोधा, कारण एकाच नावाखाली दोन स्लॉटचे आणि सोल्डरचे अशी दोन्ही मॉडेल विकली जातात. वॉरंटी चालू असेल तर मशीन उघडण्याबद्दलची अट आधी वाचा.

१०. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५: वेगवान म्हणून पुढची पिढी घालता येते का?

नाही. पिढी मदरबोर्ड आणि प्रोसेसर ठरवतात. डेस्कटॉपच्या डीडीआर३ला २४० पिना, तर डीडीआर४ आणि डीडीआर५ला २८८. लॅपटॉपमध्ये अनुक्रमे २०४, २६० आणि २६२. कडेची खाच प्रत्येक पिढीत वेगळ्या जागी आहे, त्यामुळे चुकीची रॅम बसतच नाही. बसत नाही म्हणून जोर लावला तर स्लॉट तुटतो. व्होल्टेजही वेगळे आहे: १.५, १.२ आणि १.१.

डीडीआर३मध्ये एक पोटभेद फसवतो. 'डीडीआर३एल' १.३५ व्होल्टवर चालते आणि तिची खाच साध्या डीडीआर३सारखीच असते. इंटेलच्या चौथ्या पिढीतल्या पातळ लॅपटॉपांना, म्हणजे ज्यांच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'यू' आहे त्यांना, डीडीआर३एलच लागते. साधी १.५ व्होल्टची रॅम त्यात नीट बसते, पण डिस्प्ले येत नाही. उलट बाजूने अडचण नाही. डीडीआर३एल सहसा १.५ व्होल्टवरही चालते.

११. रॅमच्या स्टिकरवरचे आकडे कसे वाचायचे?

समजा लॅपटॉपच्या रॅमवर लिहिले आहे: ८जीबी १आर×८ पीसी४-३२००एए-एसए२-११.

'८जीबी' ही क्षमता. '१आर' म्हणजे एक रँक (मिळून काम करणारा चिपांचा एक संच) आणि '×८' म्हणजे प्रत्येक चिप ८ बिट रुंद; ६४ बिट भरायला अशा आठ चिपा लागतात. 'पीसी४' म्हणजे डीडीआर४. '३२००' हा वेग. 'एए' हा टायमिंगचा गट, त्याची काळजी साध्या वापरात करू नका. त्यापुढचे अक्षर मात्र महत्त्वाचे आहे: 'एस' म्हणजे लॅपटॉपची आखूड रॅम, 'यू' म्हणजे डेस्कटॉपची, 'आर' म्हणजे सर्व्हरची. या 'आर'बद्दल प्रश्न १४ वाचा.

'१आर×१६' लिहिलेल्या रॅममध्ये चारच चिपा असतात. ती चालते, पण त्याच वेगाच्या '×८'पेक्षा थोडी मागे पडते. भाव सारखाच असेल तर '×८' घ्या. काही स्टिकरवर वेगाऐवजी 'पीसी४-२५६००' असते. त्या आकड्याला ८ने भागले की ३२०० मिळतात.

१२. आधीची एका कंपनीची आहे. दुसऱ्या कंपनीची किंवा वेगळ्या वेगाची जोडली तर चालेल का?

पिढी आणि व्होल्टेज जुळत असेल तर बहुतेक वेळा चालते. दोन्ही स्टिक (रॅमच्या पट्ट्या) कमी वेगाच्या स्टिकच्या वेगाने चालतात: २४०० आणि ३२०० एकत्र लावल्या तर दोन्ही २४००. ४ जीबी आणि ८ जीबी अशी विषम जोडीही चालते. इंटेलच्या बहुतेक मशीनमध्ये दोन्हींतले ४-४ जीबी ड्युअल चॅनेलमध्ये (दोन वाटांनी, प्रश्न १३ पाहा) चालतात आणि उरलेले ४ जीबी सिंगलमध्ये.

डीडीआर५ याबाबत नाजूक आहे. तिथे एकाच पाकिटातली जोडी घ्यावी आणि शक्य तो दोनच स्टिक वापराव्यात. रायझन ७००० मालिकेत चार स्टिक लावल्या की अधिकृत वेग ३६००वर उतरतो.

१३. एक १६ जीबी घ्यावी की ८-८ च्या दोन?

प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर मशीन चालत असेल तर ८-८ च्या दोन. दोन स्टिक असल्या की प्रोसेसरला रॅमकडे जायला दोन वाटा मिळतात आणि ग्राफिक्सला त्याचा थेट फायदा होतो. गेममध्ये तो डोळ्यांना दिसतो. पत्रे टाइप करणाऱ्याला फरक कळणार नाही. दोनच स्लॉट असतील आणि वर्षा-दोन वर्षांत ३२ची गरज नक्की लागणार असेल, तर आज एक १६ घेणे शहाणपणाचे.

१४. अर्ध्या किमतीत ३२ जीबी रॅम मिळते आहे. घ्यावी का?

आधी तिचा प्रकार विचारा. सर्व्हरमधून काढलेली 'रजिस्टर्ड' रॅम जुन्या बाजारात ढिगाने येते आणि स्वस्त असते. डीडीआर४ची अशी रॅम डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये नीट बसते, पण साधे मदरबोर्ड तिच्यावर सुरूच होत नाहीत. स्टिकरवरच्या 'आर' अक्षराबरोबरच दुसरी खूण म्हणजे मधोमध असलेली एक वेगळी, छोटी चिप.

डीडीआर३मध्ये 'फक्त एएमडी'साठी म्हणून विकली जाणारी स्वस्त रॅम असते. तिच्या चिपांची रचना इंटेलचे मदरबोर्ड ओळखत नाहीत. इंटेलवाल्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून जुनी रॅम घेताना मशीन बरोबर न्या, दुकानातच लावून बघा आणि बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्या. चांगली तपासलेली जुनी डीडीआर३ घेण्यात गैर काही नाही. रॅम वापराने सहसा झिजत नाही.

१५. लॅपटॉपमध्ये रॅम स्वतः बसवायची तर क्रम काय?

शिफ्ट धरून 'शट डाउन' करा. नुसत्या शट डाउनमध्ये 'फास्ट स्टार्टअप'मुळे मशीन पूर्ण बंद होत नाही. चार्जर काढा. ज्यांच्या बायोसमध्ये आतली बॅटरी तोडायची सोय आहे त्यांनी ती आधी वापरा.

खालचे स्क्रू काढताना कागदावर तळाचे चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. लांबी वेगवेगळी असते, आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरच्या बाजूने कीबोर्डला फुगवटा येतो. झाकणाच्या कडा पातळ प्लास्टिकच्या तुकड्याने उचका, पेचकसाने नको. आत गेल्यावर पहिले काम म्हणजे बॅटरीचा कनेक्टर काढणे. मग पॉवरचे बटण १५ सेकंद दाबून धरा.

कोरड्या हवेत, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यातल्या हिवाळ्यात, अंगावर स्थिर वीज साठते. रॅमला हात लावण्याआधी मशीनच्या आतल्या एखाद्या धातूच्या भागाला स्पर्श करा आणि रॅम कडांनीच धरा.

जुनी काढताना दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर ढकला. रॅम स्वतःच तिरकी वर येते. नवी बसवताना खाच जुळवा, साधारण ३० अंशांच्या कोनात ती पूर्ण आत सरकवा आणि मग खाली दाबा. 'टक्' असा आवाज दोन्ही क्लिपांचा यायला हवा. सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी झाली पाहिजे. एका बाजूला जास्त दिसत असेल तर काढून पुन्हा बसवा. घाईत सगळ्यात जास्त चुकते ते इथेच.

डेस्कटॉपमध्ये चार स्लॉट असतील आणि दोनच स्टिक असतील, तर बहुतेक मदरबोर्डांत प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो.

१६. रॅम घातली आणि डिस्प्लेच येत नाही. पंखा फिरतो, बीप वाजते.

पंधरा-वीस मिनिटे घाबरू नका, विशेषतः डीडीआर५ असेल तर. नवी रॅम दिसली की मदरबोर्ड तिचे टायमिंग जुळवत बसतो आणि तेवढा वेळ स्क्रीन काळी राहते. काही मिनिटे लागू शकतात. मधेच बंद केले तर सगळे पुन्हा पहिल्यापासून.

तरीही नाही आले तर वीज काढून फक्त जुनी स्टिक लावा. मशीन सुरू झाले तर नवीला एकटीला त्याच स्लॉटमध्ये लावून बघा. नवी एकटी चालली तर दोघींची जोडी जमत नाही. बायोस अपडेट करून पुन्हा प्रयत्न करा. नवी एकटीही चालली नाही तर प्रश्न १० आणि १४ मधले प्रकार पडताळा आणि मग बदलून घ्या.

काहीही न बदलता जुनेच मशीन पावसाळ्यात बीप द्यायला लागले, तर बहुधा संपर्कपट्टीवर ओल आणि मळ बसलेला असतो. कोकणात हे दरवर्षीचे आहे. दुकानांत त्यावर खोडरबर फिरवतात. त्याने काम होते, पण रबर सोन्याचा पातळ थरही खरवडतो आणि त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसणे जास्त चांगले. पूर्ण वाळल्यावरच परत लावा.

१७. ३२००ची घेतली, पण टास्क मॅनेजर २४०० किंवा २६६६ दाखवतो.

तीन कारणे असू शकतात. प्रोसेसर किंवा मदरबोर्डची मर्यादा तेवढीच आहे. मग काही करता येत नाही. दुसऱ्या स्लॉटमध्ये हळू रॅम आहे, ते प्रश्न १२ मध्ये आले. किंवा ती गेमिंगची रॅम आहे, आणि तिचा जाहिरातीतला वेग बायोसमधले 'एक्सएमपी' किंवा एएमडीचे 'एक्स्पो' चालू केल्याशिवाय मिळत नाही. ते चालू केल्यावर मशीन अस्थिर झाले तर एक पायरी खालचा वेग निवडा.

१८. रॅम वाढवल्यापासून अधूनमधून निळी स्क्रीन येते.

रॅम खराब असली की चुका विखुरलेल्या असतात: दर वेळी निळ्या स्क्रीनवर वेगळा संदेश, झिप फाइल उघडताना ती खराब असल्याची तक्रार, विंडोज टाकताना मधेच थांबणे. विंडोजच्या शोधात 'मेमरी डायग्नोस्टिक' शोधून चालवा. ती चाचणी पास झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. 'मेमटेस्ट८६' पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चार फेऱ्या होऊ द्या. एकही चूक निघाली तर ती स्टिक बदला. 'एकच तर आहे' म्हणून ठेवू नका, कारण ती एक चूक उद्या हिशेबाच्या फाइलमध्ये शांतपणे लिहिली जाऊ शकते.

एक्सएमपी चालू असेल तर आधी ते बंद करून चाचणी घ्या. चूक नाहीशी झाली तर दोष रॅमचा नसून वेगाचा आहे.

१९. ४ची १६ केली तरी काही फरक नाही. का?

बहुतेक वेळा मुळात तंगी रॅमची नव्हती. प्रश्न ५ मधली मोजणी पुन्हा करा. दुसरी शक्यता ३२-बिट प्रोग्रामची. ३२-बिट एक्सेल मशीनमध्ये कितीही रॅम असली तरी फार तर ४ जीबीपर्यंतच जाते, म्हणून मोठ्या शीटसाठी ६४-बिट ऑफिस टाकावे. तिसरी शक्यता गळतीची: एखादा प्रोग्राम किंवा ड्रायव्हर घेतलेली मेमरी परतच करत नाही. सकाळी ३० टक्के, संध्याकाळी ९० टक्के, आणि रीस्टार्ट केल्यावर पुन्हा ३० असे दिसले, तर गळती धरा. तिथे रॅम वाढवून फक्त भरायला लागणारा वेळ वाढतो. गुन्हेगार प्रोग्राम शोधून अपडेट करा.

आणि रॅम वाढल्यावर सी ड्राइव्ह आकसला, तर तो हायबरनेशनच्या (मशीन बंद करताना रॅममधला मजकूर डिस्कवर जपण्याच्या) फाइलमुळे. तिचा आकार रॅमच्या साधारण ४० टक्के असतो.

२०. मॅकमध्ये वाढवता येते का?

२०२० पासूनच्या अॅपलच्या स्वतःच्या प्रोसेसरच्या मॅकमध्ये नाही. रॅम प्रोसेसरच्या पॅकेजमध्येच असते. २०१२ ते २०२० मधल्या २७ इंची आयमॅकला मात्र मागे रॅमचे झाकण आहे आणि काम पाच मिनिटांचे आहे. गरज ओळखायला 'अॅक्टिव्हिटी मॉनिटर'मधला 'मेमरी प्रेशर' आलेख पाहा. तो सतत पिवळा किंवा लाल राहिला तर तंगी आहे.

२१. दहा-बारा वर्षे जुना असेंबल्ड पीसी आहे. त्यावर खर्च करावा का?

एच६१ किंवा एच८१ मदरबोर्ड असेल तर मर्यादा १६ जीबी आणि रॅम डीडीआर३. जुनी ४ जीबी आणि एसएसडी घातली तरी घरच्या कामाला तो अजून चालतो. पण विंडोज ११ त्याच्यासाठी नाही. त्याला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप किंवा सोय) लागते, आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. बँकेचे व्यवहार करायचे असतील तर त्याच मशीनवर लिनक्स टाका, नाहीतर तो पैसा नव्या मशीनसाठी ठेवा.

२२. रॅमचे भाव एवढे का वाढले? थांबावे का?

रॅमच्या चिपा मुख्यतः तीन कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआय सर्व्हरना लागणाऱ्या महागड्या मेमरीकडे त्यांनी उत्पादन वळवल्यावर साध्या रॅमचा पुरवठा आटला आणि २०२५च्या अखेरीस भाव झपाट्याने चढले. मोजणीत खरी तंगी निघाली असेल आणि रोजचे काम अडत असेल, तर घ्या. 'असू दे, पुढे लागेल' म्हणून या भावात घेऊ नका.

२३. जुनी काढलेली रॅम विकली तर माझी माहिती त्यात जाईल का?

नाही. वीज तुटल्यावर रॅममधला मजकूर टिकत नाही, त्यामुळे ती निर्धास्त विका किंवा द्या. माहिती राहते ती हार्ड डिस्क आणि एसएसडीत. मात्र महिनाभर तरी जुनी स्टिक अँटिस्टॅटिक पिशवीत जपून ठेवा. नवी बिघडली तर प्रश्न १६ मधली तपासणी तिच्याशिवाय होत नाही.